धुतलेली माती

ठकूच्या तोंडात काहीतरी आहे हे मला ती गप्प बसली तेव्हा कळलं. तेरा महिन्यांचं लेकरू जागं आहे आणि तरी गप्प आहे, म्हणजे ते काहीतरी खातंय. मी मागच्या दारी दोरीवर तिची लंगोटं वाळत घालत होते. वळून बघितलं तर ही दोडक्याच्या मांडवाखाली फतकल मारून बसलेली, एक गाल फुगलेला आणि हनुवटीवरून फेस ओघळतोय.

बोट घातलं. बोटाला टणक लागलं आणि टणकाच्या आत मऊ. ओढलं तर शंखी गोगलगाय. लहानच होती, हरभऱ्यापेक्षा जराशी मोठी. पण तिच्यामागोमाग चिकट तार आली, ठकूच्या ओठापासून माझ्या नखापर्यंत, लांबत लांबत, तुटेचना. ठकू हसली. खालचे दोन दात, वरचा अर्धा, आणि त्या अडीच दातांवर ती बुळबुळ.

मी किंचाळले तशी सासूबाई आतून धावत आल्या. त्यांना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तीच रीत आहे. आत्यांनी माझ्या तळहातावरची गोगलगाय बघितली, दोन बोटांत धरून भिंतीपलीकडं भिरकावली आणि ती बोटं पदराला पुसली.

"एवढंच व्हय? मला वाटलं इंचू डसला."

"आत्या, तिच्या तोंडात होती!"

"मग काढलीस न्हवं? ऋषीनं तर गांडूळ खाल्लं हुतं. अख्खं. शेपूट तेवढं म्या धरलं. आता मिल्ट्रीत बंदूक घिऊन हुबा ऱ्हातोयच की."

ऋषी म्हणजे त्यांचा लेक, माझा नवरा. मी ठकूला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी घसा बघितला, जीभ बघितली, आठ-दहा दिवस लक्ष ठेवा म्हणाले. लक्ष काय ठेवायचं? मी तिचा मुका घ्यायला वाकले की मला ती तार दिसायची. स्वतःच्या लेकरानं आ केला की तोंड फिरवावंसं वाटावं, ह्याच्यासारखं वाईट काही नाही. दिवसातनं चार वेळा मी ओलं फडकं बोटाला गुंडाळून तिच्या हिरड्या पुसत होते आणि ती ते फडकं चावत होती.

माझं माहेर लोणंदचं. तिकडं उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड, म्हणून बाग म्हणजे गॅलरीतल्या सहा कुंड्या, आणि त्यांनाही तांदूळ धुतलेलं पाणी. सासर इकडं कृष्णाकाठी, पलूसच्या बाजूला. इथं पाण्याला तोटा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मागच्या दारची परसबाग बघून मी आईला फोनवर सांगितलं होतं, "आई, इथं काठी रोवली तरी तिला पानं फुटतील." गोगलगायींचं तेव्हा मला माहीत नव्हतं. तेव्हा त्या नव्हत्याही म्हणे एवढ्या. गेल्या दोन पावसाळ्यांत वाढल्या. कुणी म्हणतं उसाच्या बेण्यातनं आल्या, कुणी म्हणतं नर्सरीच्या रोपांतनं.

आणि लहान तरी असाव्यात. मूठभर मोठ्या होतात. दिवसा उसाच्या पाचटाखाली, विटेच्या सांदीत, आणि तिन्हीसांजेला बाहेर. सकाळी बघावं तर नळाच्या तोटीवर, पायरीवर, माझ्या चपलेत. एकदा अंधूक उजेडात चपलेत पाय घातला तर आधी कर्रकन वाजलं आणि मग बोटांच्या मधून गार, गिळगिळीत काहीतरी वर आलं. मी एका पायावर लंगडत मोरीपर्यंत गेले आणि मोरीतच ओकले. दोरीवर रात्री विसरलेल्या ठकूच्या झबल्यावर चांदीसारखी वाळकी रेघ असायची. धुतली तरी मला ती दिसायची. मातीत खुरपं घातलं की पिवळ्या अंड्यांचा गुच्छ निघायचा, थेट भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी खाणं सोडलं. आत्यांना वाटलं, सुनेचा उपवासावरचा विश्वास उडाला.

परसबाग म्हणजे मामांची. मामा फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गावात त्यांना लालासाहेब सुभेदार म्हणतात. मांडव त्यांचे, आळी त्यांची, पण त्यांचा जीव अडकलेला होता एका वाफ्यात. दहा फूट लांब, चार फूट रुंद, भिंतीच्या कडेनं. त्यातली माती घरची नव्हे. नदीकडेला त्यांचं वडिलोपार्जित रान होतं, पाऊण एकर, काळंभोर. त्या रानाला मीठ फुटलं. मी लोणंदची, मला हे समजायलाच वेळ लागला. पाण्याविना जमीन मरते हे मी लहानपणापासून बघितलेलं. पाण्यानं मरते हे इथं आल्यावर कळलं. उसाला पाणी पाजत जायचं, पाजत जायचं, पाण्याला निघून जायला वाट नाही, मग खालचं मीठ त्या पाण्याबरोबर वर येतं आणि रान पांढरं पडतं. मामा सुट्टीवर आले होते तेव्हा एक कोपरा तेवढा शाबूत होता. त्या कोपऱ्यातली माती त्यांनी ट्रॉलीत भरून घरी आणली आणि हा वाफा केला. पुढच्या दोन वर्षांत तो कोपराही गेला.

"ही गोडी माती हाय," मामा म्हणायचे. "ही गेली तर आनायला दुसरी न्हाई."

आमचा ऊस आहे, वर माळाला, तो बरा येतो. खाऊनपिऊन सुखी घर. तरीही मामा माळाच्या रानाला रान म्हणत नाहीत, 'वरलं' म्हणतात. श्रावण सरताना मांडवावरचे वेल म्हातारे होतात, पिवळी पानं काढायची, मुळाशी माती ओढायची, आणि ह्या वाफ्यात पुढची रोपं लावायची: वांगी, मिरची, एका बाजूला मेथी-कोथिंबीर, आणि थंडी पडली की लसूण. ह्या वाफ्यातली पहिली मेथी ते कुणाला तोडू देत नाहीत. स्वतः खुडतात, ओंजळीत आणतात आणि आत्यांच्या पुढ्यात ठेवतात.

ह्या वर्षी त्यांनी वांग्याची तीस रोपं लावली. गोगलगायींनी तीन दिवसांत त्यातली बावीस खाल्ली. देठं तेवढी उभी, काडेपेटीतल्या काड्यांसारखी.

उपाय एकच होता, वेचायच्या. आत्या पहाटे उठून उघड्या हातांनी वेचायच्या. बादलीत टाकायच्या, टक्, टक्, टक्. मला त्यांनी एकदा हाक मारली.

"ये की गं, दोन हात लाव."

मी हातात प्लास्टिकची पिशवी घालून गेले. एकीला धरलं. पिशवीतून तिचं आखडणं बोटांना कळलं. जिवंत जीव आपल्या चिमटीत आत आत जातोय, आणि जाताना फेस सोडतोय. मी ती टाकून दिली.

"लोनंदला काय रुमालानं हात धरत्यात व्हय नवऱ्याचा?" आत्या म्हणाल्या.

वेचून झालं की त्या हात नळाखाली धरायच्या, नुसत्या पाण्यानं, आणि तसंच परातीपुढं बसून भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या. मी साबण नेऊन ठेवला. "आता पिठातच हात जात्यात, सोच्छ हुतील," म्हणाल्या. आठ दिवस मी भाकरी खाल्ली नाही, भातावर काढले. आत्यांना म्हटलं, ठकूला पाजतेय तर भात बरा पडतो.

तशात ठकूनं ती तोंडात घातली. त्यानंतर मी तिला खाली सोडलंच नाही. दिवसभर कडेवर. ती खाली वाकायची, मातीकडं दोन्ही हात लांब करायची आणि रडायची. तिला नुकतं धरून उभं राहायला येत होतं आणि मी तिचे पाय जमिनीला लागू देत नव्हते.

त्याच आठवड्यात मामा आणि आत्या औंधला गेले, यमाईला. दोन दिवसांचा मुक्काम, तिथं आत्यांची बहीण असते. घरात मी आणि ठकू. ठकू दुपारची निजली आणि मी मोबाईलवर बघितलं: गोगलगायींवर मीठ टाकताच त्या विरघळतात. एक बाई हसत हसत टाकत होती.

कोपऱ्यावर अर्जुना काकींचं दुकान आहे. मी तीन पिशव्या जाडं मीठ मागितलं.

"एवढं? लोनचं घालतीस का? ह्या दिवसात?"

"व्हय," मी म्हणाले.

"कशाचं?"

"लिंबाचं."

"मग लिंबं कुनाची? माझ्या दारात ढीग हाय, घिऊन जा." आणि त्यांनी मला पंधरा लिंबंही बांधून दिली.

भिंतीकडेची फरशी ओली होती, तिथं मीठ वाहून जाईल म्हणून मी ते वाफ्याच्या आतल्या बाजूनं घातलं. चारी कडांनी रिंगण, उरलेल्या आठ वांग्यांभोवती एकेक कडं, आणि मधे जिथं जिथं शंख दिसला तिथं मूठभर. हात मोकळा सोडला. माझ्या लेकराच्या तोंडात गेली होती ना, घे आता.

सकाळी बघायला गेले. वर्णन करायला नको, पण करते. फेस. पिवळट-हिरवा, साबणासारखा फुगलेला, आणि फेसाच्या मधे आक्रसलेले गोळे, काही अजून हळूहळू वळवळणारे. शंख रिकामे नव्हते, त्यातून पू यावा तसं गळत होतं. आणि वास, नासलेल्या अंड्याचा आणि शेवाळाचा. मी नाकाला पदर लावला, मला उमासे येत होते. तरीही मी तिथून हलले नाही. मी मोजत उभी होते. त्र्याऐंशी. मला आनंद होत होता आणि त्या आनंदाचीच मला किळस येत होती.

उरलेलं मीठ दुसऱ्या दिवशी घातलं. रात्री भुरभुर पाऊस झाला. सकाळी मीठ दिसतच नव्हतं, मला वाटलं, बरं झालं, साफ झालं.

मामा-आत्या आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या. मामा उकिडवे बसले. त्यांनी पान उलटं करून बघितलं, मग बुडाशी बघितलं. बुडाशी एक खडा राहिला होता. त्यांनी तो चिमटीत धरला, उजेडाकडं केला.

"अंकिता, हे काय गं?"

"मीठ आहे, मामा. गोगलगायींसाठी."

ते खडा उजेडात फिरवत राहिले. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "त्यांच्यावर मीठ टाकलं की त्या मरतात."

"किती टाकलंस?"

"तीन किलो."

आत्या दारातच मटकन बसल्या. "आगं बया बया बया," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "घरात फुटलं आता मीठ. रानातनं घरात आलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलंय. त्याआधी, खरं सांगते, एकदाही आलं नव्हतं. माझ्या माहेरी मीठ म्हणजे मीठ. ह्या घरात तो शब्द जेवताना सुद्धा हळू उच्चारतात हे मी तीन वर्षं बघत होते. आत्या मीठ न म्हणता पानात 'गोडं' वाढ म्हणतात ते मला नुसतं बोलण्याची पद्धत वाटायचं.

मामांनी वरची माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. त्या फेसाखालची माती. त्यांनी टाळूला दाबली, थुंकली, पुन्हा दुसरीकडची घेतली. मग डोकं हलवलं.

"मला कळंना. तंबाखूनं जीब मेलीया माजी. विजा, तू बघ."

आत्यांचं नाव विजयमाला. मामा त्यांना नावानं हाक मारताना मी पहिल्यांदा ऐकलं. आत्यांनी दोन जागची माती चाखली. त्या रोज तंबाखूची मिसरी लावतात. "मला समदंच कडू लागतंय," म्हणाल्या.

"तपासायला देऊ या की," मी म्हणाले. "मातीची तपासणी होते ना."

"हुती की. तवर पाऊस पडून मीठ खाली जाईल. मग समदाच वाफा काढायचा. आज कळलं कुठवर गेलंय, तर तेवढंच खरडता येईल." मामा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "घरात तंबाखू न लागलेली जीब एकच हाय."

दुसरी ठकूची होती, पण ती कोण मोजणार.

मी ठकूला आत्यांच्या मांडीवर दिलं आणि वाफ्यापाशी बसले. मामांनी खुरप्याच्या टोकावर माती दिली. ओली, काळी, आणि तिच्यात एक चकाकणारा धागा. मला माहीत होतं तो कशाचा आहे.

"चावायची न्हाई. जिबंच्या शेंड्यावर ठिवायची, टाळूला दाबायची, थुकायची. घाबरू नगंस, गिळली तरी कोन मरत न्हाई."

मी डोळे मिटले. आधी गार लागलं. मग बुळबुळीत, मग कचकच, आणि ह्या सगळ्याच्या मागून खारट. सरळ खारट, रडताना ओठांवर येतं तसं. मी थुंकले आणि पाठोपाठ उलटी आली. आत्यांनी तांब्या पुढं केला.

"खारट," मी म्हणाले.

मामांनी तिथं काडी रोवली. "आता चार बोटं खालची."

खालची कमी खारट. तिला इकडं मचूळ म्हणतात. मग पुढची जागा. मग मधली. एका चिमटीत शंखाचा कपचा निघाला, दाताखाली कर्रकन वाजला आणि मला ती चप्पल आठवली. दोन वेळा मला वाटलं आता उठावं, आत जावं, दार लावून घ्यावं. मामा काही म्हणाले नसते. ते नुसते हातात काड्यांची जुडी धरून बसले होते.

"गोड म्हणजे कसं लागतं, मामा?"

"साकरंवानी न्हवं. काईच लागत न्हाई तवा गोड."

भिंतीच्या बाजूला, बरोबर मधे, मला पहिल्यांदा काहीच लागलं नाही. माती लागली, शेवाळ लागलं, कुजल्या पानाचा वास नाकात चढला, पण मीठ नाही. "गोड," मी म्हणाले. मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मनगटानं कपाळ पुसलं.

मग खरडायला लागले. मामा खुरप्यानं दोनच बोटं माती उचलायचे, घमेल्यात टाकायचे, आणि थांबायचे.

"आजून वाईच काढा," आत्या.

"न्हाई. अंकिता, चाख."

मी चाखायची. खारट असेल तर आणखी एक बोट. मचूळ असेल तर आणखी अर्धं. मूठभरसुद्धा जास्त जाता कामा नये. माझी जीभ भाजल्यासारखी झाली होती, मधे मधे चूळ भरून, गुळाचा खडा चघळून पुन्हा. ठकू आत्यांच्या मांडीवरून घसरली आणि रांगत आली. माझ्या मांडीला धरून उभी राहिली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, आणि ह्या वयात पोरं मुका घेतात तसा आ करून माझ्या मातीच्या ओठांवर ओला मुका घेतला. मग जीभ बाहेर काढून माझा ओठ चाटला. मी तिला ढकललं नाही. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं, आणि आता कुणी कुणाला बाटवायचं राहिलं होतं?

तिन्हीसांजेपर्यंत चार पोती माती निघाली. खतांच्या रिकाम्या पोत्यांत भरून ती दारात ठेवली. आता ती टाकायची कुठं? ओढ्यात टाकली तर ओढा नदीला जातो. बांधावर टाकली तर शेजारच्या नाथाजीच्या विहिरीत मीठ उतरेल. आत्या म्हणाल्या, "नदीकडंच्या रानात न्हिऊन टाका. ते मेलंयच. मेल्याला काय मीठ आन् काय साकर."

सकाळी मामांनी पहिलं पोतं स्कूटरवर पुढं ठेवलं आणि मी मागं बसले. मी टाकलेलं मीठ, टाकायलाही मीच गेलं पाहिजे असं मला वाटलं. ते रान मी तोवर बघितलं नव्हतं. गावात कुणी 'चला, दाखवतो' म्हणून तिकडं नेत नाही.

पांढरं म्हणजे कसलं पांढरं? वाळल्या थुंकीसारखं. जागोजाग खपल्या, मधे साचलेल्या पाण्याची डबकी, त्यावर तेलासारखा तवंग, आणि कडेनं लव्हाळ्याचे खुरटे झुपके. वास मोरीचा. पायाखाली माती आधी घट्ट वाटली आणि मग एकदम आत गेली, भसकन, घोट्यापर्यंत. मला गोगलगायींची तेवढी किळस आली नव्हती जेवढी त्या जमिनीची आली, आणि हे मी मामांना कधी सांगणार नाही.

मामांनी पोतं बांधावर टेकवलं. तोंडाची सुतळी सोडली. पोत्याचं बूड धरून उलटं करायचं तेवढं राहिलं होतं. ते तसेच वाकून उभे राहिले.

"मामा, मी करते."

"थांब."

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "तू तीन किलो टाकलंस न्हवं? आमी पंचवीस वरसं टाकलंय. पानी सोडायचं आन् घरी जाऊन झोपायचं. सुट्टीवर आलो का मी बी तेच. मोटर चालू, फड भिजला का बंद करायचं कुनाच्या ध्यानात न्हाई. शेजारच्या रानाचा गुंडामामा सांगून सांगून दमला, 'लाला, रानाला मोरी कर, पानी भाईर काढ.' मी म्हनायचो, पानी काय फुकट जाऊ द्यायचं?"

त्यांनी पोत्यातली चिमूटभर माती बोटांत चुरली.

"हितलीच माती हाय ही. हितनंच न्हेली हुती. आता तिला मीठ चोळून हितंच आनून टाकू?" त्यांनी सुतळी पुन्हा बांधली. गाठ मारताना सुतळी निसटत होती, म्हणून मी मधे बोट धरलं, राखीची गाठ मारताना धरतात तसं. "चल, घरी चल. धुवू."

"काय धुवू?"

"माती."

आत्यांना सांगितलं तर त्या आधी माझ्याकडं बघायला लागल्या, मग मामांकडं. "माती कोन धुतं? म्हातारपनी काय चळ लागला का तुमास्नी? साबन आनू का? निळीत काडू?"

"खाली वाट आसली का मीठ पान्याबरुबर जातंय. त्या रानाला वाट न्हवती. पोत्याला करता येतीया."

मामांनी दाभणानं पोत्यांच्या बुडाला भोकं पाडली. मोरीच्या कडेला विटा मांडून पोती त्यावर उभी केली, म्हणजे निथळलेलं पाणी थेट गावच्या गटारात. माती काळी, पाणी धरून बसणारी. म्हणून मी पोत्यांत थोडं उसाचं पाचट कापून मिसळलं. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. ठकू निजली की सकाळची बादली माझी. वरून ओतायची आणि थांबायचं. पाणी आत जातं, दिसेनासं होतं आणि मग खालून थेंब यायला लागतात, चहासारखे तांबूस.

आणि दर रविवारी चाखायचं. वरची नव्हे, पोटातली. हात कोपरापर्यंत पोत्यात घालायचा. आत मेलेल्या गोगलगायी कुजत होत्या, पहिल्या रविवारी हाताला काहीतरी वळवळलं आणि बाहेर काढला तर मनगटावर अळ्या, तांदळाएवढ्या, पांढऱ्या. मी त्या झटकल्या, चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. मामा समोर, आत्या दारात, ठकू आत्यांच्या पायाला धरून उभी. तिला आता मी खाली सोडते. हाताला धरून नेते आणि काय तोंडात घालते ते बघते, एवढंच.

किळस गेली का? नाही गेली. लोक म्हणतात सवय होते. मला नाही झाली. शनिवारी संध्याकाळपासून माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. रविवारी मी उपाशीपोटी चाखते, म्हणजे पोटातून काही वर यायला नको.

तिसऱ्या रविवारी पहिलं पोतं गोड झालं, मामांनी ते वाफ्यात पसरलं आणि वर पाचट घातलं. चौथ्याला दोन झाली. राहिलं एक, भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या मातीचं, जिथं मी दुसऱ्या दिवशीचं उरलेलं मीठ हात झटकून टाकलं होतं. तोवर पाऊस गेला, आश्विनाचं ऊन लागायला लागलं. मामांनी लसणाच्या पाकळ्या सोडून सुपात ठेवल्या. रोज सुपाकडं बघायचे आणि पोत्याकडं बघायचे.

आजचा रविवार सहावा. आत्या म्हणाल्या, "झालं आसंल आता. किती धुनार? कापड आसतं तर इरलं आसतं." मामांनी खुरपं हातात घेतलेलंच होतं, मोड आलेल्या पाकळ्यांचं सूप बाजूला.

मी हात घातला. माती मऊ झाली होती, गार, आणि वास आता कमी. अळ्या नव्हत्या. चिमूट घेतली, टाळूला दाबली. आधी काहीच लागलं नाही. मी थुंकणार इतक्यात जिभेच्या मागं, अगदी मागं, आलं. बारीक. मचूळपेक्षाही कमी. नीट लक्ष दिलं नसतं तर कळलंही नसतं.

तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. गोड, एवढं म्हटलं की संपलं. लसूण लागेल, थोडा कमी येईल, कुणाला कळणार? कोपऱ्यातच तर आहे. आणि मला ह्या पोत्यात पुन्हा हात घालावा लागणार नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली होती, मला फराळ करायचा होता ह्याच हातानं.

"काय म्हनतीया?" मामांनी विचारलं.

तोंडातलं मी थुंकले. चूळ भरली, पुन्हा थुंकले.

"आहे अजून, मामा."

मामांनी खुरपं विटेवर ठेवलं, सूप उचलून सावलीला नेलं आणि परत येऊन बादली नळाखाली लावली.